मथुराबाईचा घाम

“पुसा शेठानीबाई, नीट पुसून पाहा. मंग म्हनसान, धुरपदीनं काई लपाडलं,” असं म्हणत धुरपदाबाईनं धुतलेलं पांढरं फडकं यजमानीणबाईंच्या हातात ठेवलं.

वैशाखातलं ऊन, आणि तेही बुऱ्हाणपूरचं. कापसाचे व्यापारी दिगंबरशेठ यांच्या थोरल्या मुलीचं लग्न. मागच्या अंगणात तीन चुली धडधडत होत्या, त्यांवर मातीची मोठाली खापरं उपडी घातली होती आणि पंगतीसाठी पुरणाचे मांडे पडत होते. पाणी भरणारे गडीसुद्धा चुलीला वळसा घालून जात होते. आणि मधल्या खापरापुढे निंबोल्याची मथुराबाई बसली होती अंगावर धाबळी घेऊन. हो, वैशाखात, चुलीपुढे, लोकरीची धाबळी. शेठाणींनी वाकून तिचं कपाळ पुसलं, मान पुसली आणि फडकं सगळ्या बायकांना दाखवलं. अगदी कोरडं ठणठणीत. बायकांनी हात जोडले. एक म्हातारी पुढे होऊन मथुराबाईच्या पाया पडून गेली.

आता पंगत कमी पडायची नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. त्या भागात हा नेमच होऊन बसला होता. मथुराबाईचं कपाळ कोरडं निघालं म्हणजे देवी खापरापाशी येऊन बसली, आणि देवी बसली म्हणजे अन्नाला तोटा नाही. फडकं बाळगायचा मान तिच्या थोरल्या जावेचा, म्हणजे धुरपदाबाईचा. लग्नघरी जाताना धुरपदाबाई पुढे चालायची, हातात ते फडकं धरून, आणि मागून मथुराबाई यायची, डुलत डुलत. धुरपदाबाई विधवा बाई. तिला असा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता? तिनं तो घट्ट धरून ठेवला, यात तिचं चुकलं असं कुणी म्हणू नये.

मथुराबाई मूळची देडतलाईची. मांडे तिला आईनं शिकवले. सपिटाची सैल कणीक तिंबायची, गोळ्यात पुरण भरायचं आणि तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायचा. मांडा असा पातळ झाला पाहिजे की पलीकडचा माणूस दिसावा. लग्न होऊन निंबोल्यात आली तेव्हा मथुरा चपळ होती, तोंडानं फटकळ होती आणि गळ्यानं गोड होती. मग धाकटा मुलगा झाला आणि त्यानंतर बाई हळूहळू बदलत गेली.

अंग भरलं. लोक म्हणाले, सुख मानवलं. चेहरा फुगला, पापण्या जड झाल्या. लोक म्हणाले, तेज आलं. आवाज घोगरा झाला, तर म्हणे देवीचा आवाज असाच असतो. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागू लागला, तेव्हा म्हणाले, बाई विचार करून बोलते. आणि थंडी तर अशी वाजायची की भर उन्हाळ्यात ती चुलीजवळ सरकायची. जिथं बाकीच्या बाया भाजून निघत, तिथं हिला बरं वाटायचं. घामाचा टिपूस नाही. मग काय, देवी ठरायला वेळ लागतो का?

झोपेचं मात्र कुणाला कोडं उलगडत नव्हतं. मथुराबाई कुठेही झोपायची. कीर्तनात झोपायची, विहिरीवर झोपायची, भाकरी थापता थापता झोपायची. झोपली की घोरायची, आणि घोरता घोरता एकदम गप्प व्हायची. श्वासच बंद. मग बराच वेळ काहीच नाही, आणि अचानक मोठा घरघराट करून श्वास परत यायचा. गाव म्हणालं, देवी श्वास वर ओढून घेते आणि मग सोडते. तो घरघराट झाला की बायका लगबगीनं प्रश्न विचारत, म्हैस कुठं गेली, सून कधी येईल. मथुराबाई अर्धवट झोपेत “हं?” म्हणायची. त्या “हं” चा अर्थ धुरपदाबाई लावायची.

तिचा नवरा सुपडू हा केळीचा लहानसा मळा राखणारा गरीब माणूस. त्यानं देवीबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. पण बायकोचा श्वास थांबला की याचाही थांबायचा. दुपारी ती ओसरीवर लवंडली की हा हातातलं काम टाकून तिच्या पोटाकडे बघत बसायचा. हलेना झालं की खांद्याला धरून हलवायचा. देवी आली असेल तर आपण तिच्या कामात ढवळाढवळ करतो आहोत, अशी भीती त्याला वाटायची, आणि तरी तो हलवायचा. बायको मरेल ही भीती देवीच्या भीतीपेक्षा मोठी होती. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर त्या दिवशी दिगंबरशेठच्या अंगणात, फडक्याचा सोहळा होऊन थोडा वेळ गेला असेल, मथुराबाईनं गोळा हातांवर घेतला, मांडा पसरत पसरत कोपरापर्यंत आणला, आणि तशीच झोपली. मान खाली गेली, मागोमाग हात गेला, आणि उजवा हात चरचरत खापराला लागला. बायकांनी तिला मागे ओढलं. ती उताणी पडली, घोरली, आणि गप्प झाली.

धुरपदाबाईनं लगेच सगळ्यांना शांत केलं. कुणी कुंकू आणायला धावली. कुणीतरी विचारलंसुद्धा, आई, औंदा कापसाला भाव येईल का? मथुराबाईचे ओठ निळे पडत चालले होते.

तेवढ्यात पाहुण्यांतून एक उंच माणूस बायकांना बाजूला सारत आत घुसला. सरकारी दवाखान्यात नुकतेच आलेले डॉक्टर लीलाधर. आदल्या वर्षी राज्यांची नवी जुळणी झाली होती. नागपूरची राजधानी जाऊन भोपाळची आली, मलकापूरकडचे सोयरे एका रात्रीत मुंबई राज्याचे झाले, आणि शाजापूरचा हा डॉक्टर बदली होऊन तापीकाठी आला. मराठी येईना, तिखट सोसेना. लोक म्हणत, नवं राज्य आलं ते असले पाहुणे घेऊन. डॉक्टरनं मथुराबाईला कुशीवर वळवलं आणि जबडा धरून पुढे ओढला. घरघराट करून श्वास आला, ओठांवर रंग आला. हात भाजल्याचं तिला आता कळलं आणि ती कण्हली.

डॉक्टरनं तिच्या कपाळाला हात लावला, मग धाबळीला हात लावला, आणि सगळ्यांकडे वेड्यांकडे बघावं तसं बघितलं. तिचा माणूस कोण, म्हणून विचारलं. सुपडू पुढे आला.

“सोते में इनकी साँस ऐसे ही रुकती है? रोज़?”

सुपडूच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “रोज, साहेब,” तो म्हणाला. “रोज मरते अन् रोज परत येते.”

दुसऱ्या दिवशी तो तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. धुरपदाबाईही आली, गरज नसताना. डॉक्टरनं नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही, इतकी ती सावकाश होती. जीभ बाहेर काढायला लावली, ती जाड होती आणि कडांना दातांचे वळ होते. भुवया बघितल्या, बाहेरच्या टोकाला विरळ झालेल्या. टाचेमागे छोटी हातोडी मारली, तर पाऊल हललं आणि जागेवर यायला रेंगाळलं. हे काय चाललंय ते धुरपदाबाईला कळेना. डॉक्टर मात्र खूश झाला, त्याला रोग सापडला होता.

मग त्यानं हिंदीत, मधेमधे हातवारे करून समजावलं. गळ्यात एक गाठ असते. सगळ्या शरीराची चूल ती पेटती ठेवते. हिची गाठ मंदावली आहे, म्हणून चूल विझत चालली आहे. थंडी, सूज, घोगरा आवाज, सगळं त्यातलंच. जीभ आणि गळा आतून सुजले, म्हणून झोपेत वाट बंद होते. वाट बंद झाली की शरीर धडपडून जागं होतं, रात्रभर असंच चालतं, आणि मग दिवसा बाई कोसळते. झोपेचं सगळंच गाठीमुळे आहे की नाही, ते औषध दिल्यावरच कळेल, हेही त्यानं सांगितलं. खोटी आशा देणारा माणूस नव्हता.

“पण देवी?” धुरपदाबाईनं विचारलं.

“देवी की बात मैं नहीं जानता, माँजी. मगर ऐसे ही छोड़ दिया, तो एक दिन साँस जाएगी और लौटेगी नहीं.”

गोळ्या इंदूरहून मागवाव्या लागल्या. त्या बोकडाच्या गळ्यातल्या गाठीच्या असतात, हे डॉक्टरनं सुपडूला खाजगीत सांगितलं, आणि मांसाला न शिवणाऱ्या बायकोला हे कसं सांगावं म्हणून तो रडकुंडीला आला. मथुराबाईला ते कळलं तेव्हा तिनं बराच वेळ विचार केला, म्हणजे तेव्हा ती सगळ्याच गोष्टींना बराच वेळ लावायची, आणि म्हणाली, देवीला बोकड चालतो, तर मला का चालू नये. झालं, विषय संपला.

आधी गोळीचा तुकडा, मग अर्धी, मग पुरी. पावसाळ्यात फारसं काही दिसलं नाही. धुरपदाबाई म्हणतच होती की परदेशी डॉक्टरचं औषध आपल्या अंगाला काय लागणार. दिवाळीच्या सुमारास बांगड्या सैल झाल्या. मग चेहऱ्याची सूज उतरली आणि गावाला विसर पडलेली मथुरा त्यातून बाहेर आली. घोरणं उरलं, पण ते साधं, कुणाच्याही घरी असतं तसं. श्वास थांबेना झाला. सुपडू काही दिवस सवयीनं बसून राहायचा. मग एका दुपारी तोही शेजारी आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. मळ्यात गुरं शिरली. मथुराबाईनं त्याला उठवून अशा काही शिव्या घातल्या की आळी गोळा झाली. पूर्वीच्या, लखलखीत, खणखणीत आवाजात. सुपडू पुढचे चार दिवस गावभर सांगत फिरत होता की बायकोनं मला शिव्या दिल्या. असा आनंदी माणूस निंबोल्यात दुसरा नव्हता.

आणि मग चैत्रात ते झालं. केळीच्या मळ्यात वाळलेली पानं तोडताना मथुराबाईच्या नाकावरून थेंब गळला. तिनं वर बघितलं. आभाळ कोरडं होतं. कपाळाला हात लावला तर हात ओला झाला.

तिनं पदरानं कपाळ पुसलं, ते पुन्हा ओलं झालं. घाम! इतक्या वर्षांचा, सगळ्या मुलखाला ठाऊक असलेला, फडकं लावून दाखवलेला कोरडेपणा गेला. संध्याकाळी धुरपदाबाईनं ऐकलं आणि गळा काढला. “देवी गेली वं बाई. आपल्या हातानं काढून देल्ली.” लग्नसराई तोंडावर आली होती. आता कोण बोलावणार? खापरापुढे बसणं हे एकच काम मथुराबाईला मनापासून आवडत होतं, त्या कामामुळेच तिला नाव होतं. तिनं गोळ्यांची बाटली उतरंडीमागे सरकवली आणि सकाळची गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही घेतली नाही.

सुपडूला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. बाटली घेऊन तिच्यापुढे बसला. आयुष्यात तो बायकोशी प्रेमाचं असं काही बोलला नव्हता, तशी पद्धतच नव्हती. तो म्हणाला, “देवी जाते तं जाऊ दे, मथुरे. तू राह्य.”

ती रडली, पोटभर रडली. आणि रडता रडता तिला आई आठवली. देडतलाईच्या घरात चुलीपुढे बसलेली, चोळी पाठीला चिकटलेली, पदरानं तोंड पुसत मांडा पसरणारी. आई तर घामानं न्हायची. हा हात आईनं दिला, तेव्हा देवी कुठं होती? मग मथुराबाईनं तोंड धुतलं आणि गोळी घेतली.

वैशाख लागला, तिथी एकामागून एक गेल्या, आणि बोलावणं आलं नाही. बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ. शेवटी दिगंबरशेठचा निरोप आला, धाकट्या मुलीचं लग्न म्हणून. वरपक्ष मलकापूरचा, खाणारा आणि नावं ठेवणारा. शेठना देवीशी देणंघेणं नव्हतं. घाम येवो की मोती गळोत, मांडा पातळ हवा, असं म्हणणारे ते गृहस्थ. शेठाणींचं तसं नव्हतं. चुली पेटल्या, पुरण आलं, आणि शेठाणींनी फडक्यासाठी हात पुढे केला. धुरपदाबाईनं ते दिलं.

फडकं ओलंचिंब निघालं.

शेठाणींचा चेहरा उतरला. वऱ्हाड दारात आलेलं, आणि पंगत कमी पडली तर मलकापूरकर जन्मभर सांगत सुटणार. त्यांनी सुपडूला बाजूला बोलावलं आणि हळूच सांगितलं की बाईला घरी ने, दोघी-तिघी आहेत, पोळ्या लाटून वेळ निभावतील, हिचं लुगडं-चोळीही देऊ. मथुराबाईनं ते ऐकलं. ती उठली नाही.

“शेठानीबाई,” ती म्हणाली, “माझी माय जन्मभर घामात न्हाली. तिच्या पंगतीतून कोनी उपाशी उठलं नाई. आज एक बी पान अर्धं राह्यलं, तं मी पुन्हा खापराले हात नाई लावनार. आता मले एक तांब्या पानी द्या.”

शेठाणी थांबल्या. मग त्यांनी स्वतः तांब्या भरून आणला. मथुराबाई गटागटा प्यायली आणि कामाला लागली.

आणि काय लागली म्हणता! आजवर लोकांनी तिला अर्धवट झोपेत बघितलं होतं. आता ती जागी होती. डावीकडची चूल भडकलीय, लाकूड ओढा, असं तिनं सांगितलं. कणीक अजून मुरली नाही, ओलं कापड टाका, म्हणाली. पुरणात साखर कमी पडलीय, हे नुसत्या वासावरून ओळखून तिनं शेठाणींना दटावलं. गोळा हातावर नाचायचा, पसरायचा, कोपराखाली झुलायचा आणि खापरावर अलगद उतरायचा, तोवर दुसरा हातात आलेला असायचा. इतकी वर्षं पंगत पुरायची ती देवीमुळे, की लोक भीतीपोटी दुप्पट पुरण शिजवायचे म्हणून, ते देवीच जाणे. त्या दिवशी मात्र ती मथुराबाईमुळे पुरली. वरपक्षाचा एक म्हातारा मांडा उजेडात धरून म्हणाला की यातून मला माझं मलकापूर दिसतं. आणि आणखी दोन मागितले. शेवटच्या पंगतीला वाढून दुरडीत मांडे उरले, तेव्हा दिगंबरशेठ मागच्या दारी येऊन उभे राहिले आणि बायकोकडे बघून हसले. शेठाणी मथुराबाईसाठी पुन्हा पाणी आणायला गेल्या. डॉक्टर लीलाधर मांड्यावर आमरस ओढून हात चाटत होते आणि त्यांना आज तिखटाची भीती नव्हती.

या वेळी कुणी पाया पडलं नाही. बायका आल्या त्या हाताला हात लावून गेल्या. एकीनं विचारलं, कणीक किती वेळ तिंबतेस गं? दुसरीनं विचारलं, पाणी कोमट घ्यायचं का? मथुराबाई सगळ्यांना सांगत होती, आणि सांगताना तिला कळत होतं की इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

धुरपदाबाई सकाळपासून भिंतीशी बसून होती. ओलं फडकं तिच्या मांडीवर चुरगळून पडलं होतं. मानाची बाई, आता तिला काही कामच उरलं नव्हतं. मथुराबाईनं दोनदा तिच्याकडे बघितलं. हाक मारावी तर वयानं आणि नात्यानं मोठी, तिला चुलीपाशी ये म्हणणार कसं? पण घरच्या माणसांचं जेवण राहिलं होतं आणि गोळे शिल्लक होते. धुरपदाबाई उठली. फडकं तिनं धुण्याच्या ढिगात टाकलं, पदर कमरेला खोचला आणि डावीकडच्या खापरापुढे येऊन बसली.

“मथुरे,” ती चुलीकडे बघत म्हणाली, “मले बी शिकाड.”

मथुराबाईनं एक चांगलासा गोळा निवडून तिच्या हातावर ठेवला. धुरपदाबाईनं तो पसरला, मनगटापर्यंत नीट गेला, आणि कोपरापाशी येता येता फाटला. पुरण तिच्या लुगड्यावर सांडलं. बायका खुदखुदल्या. मथुराबाई हसली नाही. तिनं पाण्याचा तांब्या जावेकडे सरकवला.

“हात ओले करा, बाई, अन् पुन्हा घ्या. माझे बी पहिले फाटलेच व्हते.”

धुरपदाबाईनं तांब्यात बोटं बुडवली आणि दुसरा गोळा उचलला.